आजोबांचे शंभर टक्के

ऑरविल आजोबांच्या निवृत्ती खात्यातले तीस हजार डॉलर मी सरकारला देऊन टाकले. सगळेच्या सगळे, एक सेंटही मागे न ठेवता! असं काही घडलेलंच नाही, असं आमच्या घरात एकमताने ठरलंय. तेव्हा तुम्हीही हे वाचलेलं नाही. इथून सुरू करा:

करातलं मला सगळं कळतं! दोन हिवाळे मी करसल्लागाराच्या दुकानात काम केलंय. म्हणजे, दुकानाबाहेर. स्वातंत्र्यदेवीचा हिरवा झगा घालून, उणे पंधरा तापमानात, जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांना दुकानाच्या जाहिरातीची पाटी दाखवत. पण ज्ञान काय, दाराच्या फटीतूनही येतंच की!

म्हणून डिसेंबरात आजोबांनी मलाच बोलावलं. शेजारचे एल्रॉय तळ्यावर फिरायची आपली सपाट बोट बावीस हजारांना विकत होते. मार्लिस आजीने ती पंधरा वर्षांपूर्वीच हेरून ठेवली होती. "एल्रॉय म्हातारा झाला की ती आपली," असं ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. एल्रॉय म्हातारे झाले, पण आजी त्याच वर्षी मार्चमध्ये गेली. आजोबांना मात्र बोट अजून हवीच होती. बोटीतली डावीकडची खुर्ची आजीने आपली म्हणून सांगून ठेवलेली; ती रिकामी ठेवून तळ्यावर एक चक्कर, एवढंच त्यांचं म्हणणं.

"पैसे या वर्षीच काढा," मी सल्ला दिला. "या खात्यातल्या पैशांवरचा कर काढताना भरावा लागतो. नवरा-बायको म्हणून भरला तर कमी, एकट्याला जास्त. जोडीदार गेला तरी त्या वर्षापुरतं सरकार जोडपंच धरतं."

आजोबांनी जेवणाचा काटा खाली ठेवला. "म्हणजे सरकारच्या लेखी मार्लिस अजून आहे?"

"एकतीस डिसेंबरपर्यंत."

"कमाल आहे! आणि मी इतकी वर्षं उगाच त्यांना शिव्या घालत होतो."

फॉर्म संगणकावर होता. आजोबा स्वयंपाकघरात कालचा बटाट्याचा हॉटडिश गरम करत होते. एक रकाना आला: कर किती टक्के कापायचा? शून्य ते शंभर.

"आजोबा, किती टक्के?" मी ओरडले.

त्यांना वाटलं, बोट किती हवीय ते विचारतेय. "शंभर टक्के!"

मला वाटलं, दुःखात माणूस उदार होतो. टाकले शंभर! संगणकाने शहाण्या सुनेसारखं पुन्हा विचारलं, नक्की का?

"आजोबा, नक्की ना?"

"पंधरा वर्षांपासून नक्की आहे गं बाई! दाब ते बटण!"

दाबलं!

आठवड्याने बँकेत जमा झाले शून्य डॉलर, शून्य सेंट. मी खातेवाल्यांना फोन लावला.

"पैसे निघालेत मॅडम. कर म्हणून पूर्ण रक्कम सरकारकडे गेलीय."

"लोक साधारण किती कापायला सांगतात?"

"दहा टक्के." पलीकडचा माणूस खाकरला. "तुमच्याइतकं देशप्रेम मी अजून पाहिलं नव्हतं."

आजोबा चिडले असते तर परवडलं असतं. ते फक्त म्हणाले, "तो हिरवा झगा अजून आतून घातलेलाच आहे वाटतं!"

जास्तीचा कर परत मिळतो, पण वर्षाचा हिशेब भरल्यावर. एल्रॉय दिलदारपणे म्हणाले, "मे महिन्यात मासेमारी सुरू होईपर्यंत थांबतो. मग मात्र तो दातांचा डॉक्टर रोख घेऊन उभाच आहे."

फेब्रुवारीत हिशेब भरला. या वेळी दुकानाच्या मालकाने, माझे दोन्ही हात टेबलावर ठेवायला लावून. एप्रिलमध्ये तळ्यावरचा बर्फ काळा पडू लागला आणि चेक आला. सत्तावीस हजार दोनशे! मी स्वयंपाकघरभर नाचले. आजोबा चेकवरच्या नावांकडेच बघत राहिले.

ऑरविल आणि मार्लिस लिंडक्विस्ट.

"सगळ्यांनी खोडलं तिचं नाव," ते म्हणाले. "वीजवाल्यांनी, चर्चने, कुत्र्याच्या डॉक्टरनेसुद्धा."

बँकेत खिडकीमागे कॉरीन होती, आजीच्या बोलिंगच्या संघातली. तिने चेक उलटसुलट पाहिला. "ऑरविल, दोघांच्या नावे आहे हा. दोघांच्या सह्या लागतील."

"ती बाहेर गेलीय."

"ऑरविल, तिच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला जेली मीच आणली होती!"

"मग तुला माहीतच आहे, कुठे गेलीय."

कॉरीनने नाक पुसलं. "चेक परत पाठव. मृत्यूचा दाखला जोड. तीन आठवड्यांत तुझ्या एकट्याच्या नावाने नवा येईल."

आजोबांनी चेक उचलला, घडी न घालता कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि चालू लागले.

गाडीत मी समजावलं, "आजच पाठवला तर बोट मिळेल, आजोबा!"

"एकट्याच्या नावाच्या पैशाने?"

"बोटीला काय कळतंय!"

"डावीकडच्या खुर्चीला कळेल."

बोट दातांच्या डॉक्टरने नेली. चेक आजोबांच्या फ्रिजवर आहे, माशाच्या आकाराच्या चुंबकाखाली. तो वर्षभरच चालतो, हे मी सांगून पाहिलं. गेल्या रविवारी त्यांनी मला पुन्हा संगणकासमोर बसवलं आणि करखात्याला पाठवायच्या पत्राचा मजकूर सांगितला. त्यात टक्के कुठेच नाहीत, हे मी आधी विचारून घेतलं.

"महोदय, आपला चेक मिळाला. नावे बरोबर आहेत. अर्जदाराने मागील बाजूस स्वतःची सही केली असून दुसऱ्या सहीसाठी जागा सोडली आहे. तरी सदर सही होईपर्यंत चेकची मुदत वाढवून मिळावी, ही नम्र विनंती."