वलगावपर्यंतची ट्रायल

सुखदेवकाका गाडीचा आजार गाडीसमोर बसून कधीच सांगत नाहीत. त्यांना मागच्या सीटवर बसवून फिरवावं लागतं. बसले की डोळे मिटतात, उजवा पंजा माझ्या पाठीवर ठेवतात आणि म्हणतात, "चाल आता. तू गप राह्य, तिले बोलू दे."

काका अमरावतीत माझे शेजारी. उभी हयात अकोल्याच्या एका दाळमिलमध्ये यंत्रं सांभाळण्यात गेली. काकू गेल्यापासून एकटेच असतात. स्वतःची गाडी नाही, पण गल्लीतली एकही गाडी त्यांनी सुखानं आजारी पडू दिलेली नाही. त्यांचा नियम एकच: "एका खेपेले एकच." एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी सुधारली, तर कशानं सुधारली ते कळत नाही, आणि ते कळलं नाही तर काकांना झोप लागत नाही.

माझी मोटरसायकल वडिलांच्या वेळची. शहरात झकास चालायची. पण वलगावच्या रस्त्यानं बरंच अंतर गेलं आणि चढावर रेस दिली, की घशात घास अडकल्यासारखी गुदमरायची आणि बंद पडायची. थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा ठणठणीत.

"हे मजेदार हाय बाप्पा," काका हात चोळत म्हणाले.

झालं! दर रविवारी ट्रायल सुरू झाली. एका रविवारी प्लग, पुढच्या रविवारी एअर फिल्टर, मग कार्बोरेटर. गाडी मात्र दर वेळी चढावरच्या त्याच संत्र्याच्या बागेपाशी बंद पडायची. बागेतल्या घरातून धोतर नेसलेले एक म्हातारे पाण्याचा तांब्या घेऊन येत आणि कुंपणापलीकडून विचारत, "पडली का बंद?"

हे म्हातारे म्हणजे काकांचे सख्खे थोरले भाऊ, गंगाधरदादा. मला हे कळलं तेव्हा कार्बोरेटरचा रविवार उजाडला होता. दादांच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांच्या भेटी झाल्या. सख्खा काका मांडवात हजर असताना दादांनी काकाच्या मानाचा हार घालायला चुलतभावाला पुढं केलं. तेव्हापासून काकांचा पण, "बोलावल्याबिगर त्याच्या दारात पाय ठेवणार नाई." दादांचं म्हणणं, "घर त्याचंच हाय. घरच्या माणसाले काहून बोलवाव?" दोघंही ऐकायला तयार नाहीत.

"मी कुठी आलो? गाडी आली," काका मला बजावत.

कुंपणाच्या अलीकडे काका, पलीकडे दादा. बोलणं फक्त गाडीचं. "वैनीचे गुडघे कसे हायेत?" हे काका मला विचारत, आणि त्याचं उत्तर दादा गाडीकडे बघत देत. अशा वेळी कुठं बघावं हे मला कळत नसे.

मग एकदा पेट्रोल भरताना टाकीचं झाकण उघडलं आणि फुस्स करून हवा आत शिरली. झाकणाचं बारीक भोक मातीनं बुजलं होतं. टाकीत हवा जाईना, म्हणून पेट्रोल खाली उतरेना. मी टाचणीनं भोक मोकळं केलं आणि मोठ्या फुशारकीनं काकांना जाऊन सांगितलं.

काकांनी झाकण हातात घेतलं, फुंकून पाहिलं. "बरं झालं," ते म्हणाले. तोंड मात्र उतरलं होतं. दाळमिल चालवलेल्या माणसाला हे भोक इतके रविवार सुचलं नसेल? मला अजूनही कोडं आहे, पण विचारायची हिंमत नाही.

"तरी ट्रायल तं घ्याच लागन," काका हळूच म्हणाले.

त्या रविवारी गाडी अशी काही पळत होती की विचारू नका. चढ जवळ आला तसा पाठीवरचा काकांचा हात सैल पडत गेला. मला फार वाईट वाटलं. गाडी सुधारली म्हणून इतकं वाईट वाटलेला मी बहुधा पहिलाच माणूस. मी डावा हात खाली नेला आणि पेट्रोलचा कॉक बंद केला.

पण कार्बोरेटरात उरलेल्या पेट्रोलवर गाडी बाग ओलांडून बरीच पुढं गेली, तेव्हा कुठं बंद पडली. काका उतरले आणि गाडी मागे बागेकडे ढकलू लागले.

दादा तांब्या घेऊन कुंपणाशी उभेच होते. या वेळी ते बाहेर आले, गुडघ्यावर हात टेकून गाडीजवळ वाकले. बंद कॉकवर त्यांची नजर थांबली. मग त्यांनी भावाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलंच नाही.

"सुखदेव," ते म्हणाले, "आत ये. मी बोलावून राहिलो तुले."

काका फाटकातून आत गेले. ओट्यापाशी चपला काढताना त्यांचे डोळे भरले होते, आणि ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं. गाडी बंद पडली की आधी कारण विचारणारा हा माणूस. त्या दिवशी ती कशानं बंद पडली, हे त्यांनी मला विचारलं नाही. आजपर्यंत विचारलेलं नाही.