परकरातला धोंडिबा

धोंडिबा सायकलवाल्याला परकराचं कापड पसंत पडायला निदान अर्धा तास लागायचा. वालूरच्या बाजारात माझं कापडाचं दुकान होतं, त्यामुळे हा अर्धा तास दर दिवाळीच्या तोंडावर माझ्याच कपाळी यायचा. बाया परवडल्या, त्या निदान भावावरून भांडतात. हा रंगावरून भांडायचा. "अप्पा, मागल्या साली पक्का म्हणून दिलेला हिरवा उन्हानं विटला की. आता सबब सांगू नका." मग ठाणातलं कापड ओढून तो कमरेला लावायचा, घोट्यापर्यंत पोचतंय का ते वाकून बघायचा आणि भरल्या दुकानात मला विचारायचा, "कसं दिसायलंय?"

कापड बायकोसाठी नसायचं, कारण बायको नव्हती. बहिणीसाठी नसायचं, कारण बहीणही नव्हती. ते त्याच्या स्वतःसाठी असायचं. चाळिशी ओलांडलेला गडी. डोक्याला पटका, ओठांवर झुपकेदार मिशा, अंगात खाकी सदरा, नाकात सोन्याची बारीक तार आणि कमरेखाली नाडीनं आवळलेला घेरदार परकर. असा तो रोज सकाळी बस थांब्याजवळच्या लिंबाखालचं आपलं दुकान उघडायचा. तिथं तो सायकली भाड्यानं द्यायचा आणि दुरुस्तही करायचा.

गावाला सवय झाली होती. पंचाईत व्हायची ती परक्या माणसांची. एकदा सेलूच्या गाडीत नवा कंडक्टर होता. त्यानं गर्दीत पाठीमागून पाहिलं आणि आदबीनं म्हणाला, "बाई, जरा पुढं सरका." धोंडिबा मिशांसकट वळला आणि म्हणाला, "सरकायलोय की, ढकलू नका." कंडक्टरच्या हातातली पैशांची पिशवी खाली पडली. सेलू येईपर्यंत त्या बिचाऱ्यानं कुणालाच बाई म्हटलं नाही आणि कुणाला बाबाही म्हटलं नाही.

परकरात पाय टाकून नेहमीच्या सायकलीवर बसता येत नाही म्हणून धोंडिबानं एका सायकलीची मधली दांडी कापून खाली जोडून घेतली होती. गाव पोट धरून हसलं. पुढं शाळेतल्या दोन्ही बाई तीच सायकल भाड्यानं मागायला लागल्या, तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं मिटली. परकराचे फायदे तर तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. चाकाचा आस उघडला की आतले छर्रे टपटप खाली पडतात. इतर मिस्त्री ते मातीत चिवडत बसतात. धोंडिबा मांडी घालून परकर पसरून बसायचा. सगळे छर्रे झोळीत. "तुमच्या विजारीत ही सोय हाय का? बोला!" असं तो तहसीलच्या कारकुनालाही विचारायचा. एकदा गुरांच्या एका दलालानं चहाच्या हॉटेलातून खवचटपणे विचारलं, "धोंडिबा, खालून वारं लागत असंल न्हाई?" तर हा म्हणाला, "लागतंय की. तुमाला लागत न्हाई म्हणून तर तुमचं डोकं तापायलंय."

पण हे सगळं कशासाठी, असं कुणी सरळ विचारलं की त्याचं उत्तर दोनच शब्दांचं असायचं.

"हुकूम हाय."

"कुणाचा?"

"मायचा."

निजाम गेला, हिंदुस्थानचं सरकार आलं, माझ्या दुकानात वार जाऊन मीटर आलं, पण मथरामायचा हुकूम काही उठला नाही. त्या हुकमाची हकीकत गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक होती. मथरामायला धोंडिबाच्या आधी चार मुलगे झाले. चारही गेले. एकही पायावर उभा राहिला नाही. पाचवा पोटातून बाहेर आला तेव्हा तिनं म्हणे त्याच्याकडं पाहिलंच नाही. नाव ठेवलं धोंड्या. त्याला सुपात घालून पसाभर कोंड्याला शेजारणीला विकला आणि परत विकत घेतला. नाक टोचलं. आणि हिंडाफिरायला लागल्यावर अंगावर परकर चढवला. मुलगी आहे म्हटल्यावर सटवाई कशाला वळून बघते!

असं आमच्याकडं आणखीही काही घरांत करायचे. पण पोर पाच-सात वर्षांचं झालं की वाजतगाजत परकर उतरवायचे. मथरामायचं काळीज एवढं घट्ट नव्हतं. तिनं मुदत लांबवली. धोंड्याला लग्नाची हळद लागेल त्या दिवशी परकर सुटेल, त्याच्या आधी नाही. आता परकर घातलेल्या गड्याला मुलगी कोण देणार? हळद लागल्याशिवाय परकर सुटत नव्हता आणि परकर सुटल्याशिवाय हळद लागत नव्हती. असा हा माणूस पंचवीस वर्षं मधल्यामध्ये अडकून पडला होता.

मथरामायची जीभ म्हणजे तर कात्री. भर बाजारातून ओरडायची, "काळतोंडे, मेले, कुठं उंडगायलीस?" आणि हा मिशावाला हातातला पाना खाली ठेवून म्हणायचा, "आले माय." धोंडिबाचं काम चांगलं आहे असं कुणी बोललं की ती जमिनीवर थुंकायची. "कसलं चांगलं? नुसता दगड हाय दगड." चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, हे तिचं गणित. त्या बाईच्या तोंडून मुलाबद्दल एक गोड शब्द निघालेला मी तरी ऐकला नव्हता. एकदा न राहवून मी त्याला विचारलं, "तुला राग येत नाही रे?" तो चाक फिरवून बघत होता. म्हणाला, "मी जित्ता हाय न्हवं? मंग हुकूम बरोबरच हाय की."

दुष्काळ सरला त्या साली आमच्या कुटुंबानं मनावर घेतलं. तिचं माहेर पूर्णेचं. तिथं रेल्वेत नोकरीला असलेल्या एका गड्याची बहीण कौसा विधवा होऊन भावाकडं राहत होती. दुसरं लग्न करून द्यायला भाऊ तयार होता. मी दुकानातलं एक बारीक काठाचं धोतर काढलं आणि धोंडिबाला घेऊन निघालो. सेलूच्या स्टेशनात त्यानं ते नेसलं. हुकूम मोडायलाय म्हणून तीनदा कानाला हात लावला. गाडीत चढताना त्यानं सवयीनं दोन्ही हातांनी धोतर पुढून उचललं. मी म्हणालो, "सोड ते, धोतर आहे." तो म्हणाला, "अप्पा, पायात पाय यायलाय. हे तुमी रोज कसं सोसता?"

पूर्णेला पोहे झाले, चहा झाला. बोलणी सरळ चालली होती. मी गप्प राहा म्हणून डोळे वटारत होतो तरी हा पठ्ठ्या मान वर करून म्हणाला, "पाव्हणं, एक सांगायचं ऱ्हायलं. हे धोतर अप्पाचं हाय. मी परकर घालतो." आणि त्यानं चार भावांपासून सगळी हकीकत सांगितली. कौसाचा भाऊ लालबुंद झाला. मी चपला शोधायला लागलो. तेवढ्यात दाराआडून कौसाचा आवाज आला. "घालू दे की दादा. माझा पहिला धोतरच नेसायचा. काय उजेड पाडला त्यानं?"

मला ती बाई तिथल्या तिथं आवडली. शेवटी भावानं होकार दिला, पण अट घातली. हळद लागली की परकर सुटला पाहिजे, त्यानंतर एक दिवस जरी दिसला तरी बहीण माघारी नेईन. धोंडिबा हसून म्हणाला, "मायचा बी हुकूम तोच हाय." इतकं सगळं जुळून आलं होतं. निघताना कौसानं त्याला विचारलं, "सायकल शिकवताल का मला?" तो म्हणाला, "एक हाय दांडी कापलेली. तुमाला जमंल."

परतताना त्यानं धोतर बदललं नाही. "असाच जातो घरी," तो म्हणाला. "माय लय वरसं ह्या दिवसाची वाट बघायलीय. तिला दाखवतो." गाडीत तो खिडकीला डोकं टेकून स्वतःशीच हसत होता. मी त्याला तेवढा खूश कधी पाहिला नव्हता.

मथरामाय ओट्यावर बसली होती. गेल्या काही महिन्यांपासून ती विसरायला लागली होती. चूल पेटवली की नाही, जेवली की नाही. आम्ही वयाचं म्हणून सोडून दिलं होतं. धोंडिबा धोतरात तिच्यासमोर उभा राहिला. तिनं डोळे बारीक करून पाहिलं, झटकन डोक्यावरून पदर ओढला, तोंड फिरवलं आणि आत गेली. आतून हाक आली, "धोंडे, पाव्हणं आल्यात गं. पाणी दे."

"माय, मीच हाय. धोंडिबा," तो उंबऱ्यातून म्हणाला.

"धोंडिबा कुठला बाबा आता," ती पदराआडून म्हणाली. "गेला की माझा. पाच झाले, पाच बी गेले."

मी तिथंच उभा होतो. चुकून बोलली असेल असं मला वाटलं. पण ती चुकली नव्हती. तिच्या लेखी तिचे पाच मुलगे मेले होते आणि एक मुलगी जगली होती, धोंडी. आता ती धोंडीला शोधायला लागली. अनवाणी रस्त्यावर आली, लिंबाखालच्या दुकानात जाऊन आली, बायांना विचारत सुटली. शेजारणींनी आणून बसवली तर घास तोंडात घेईना. दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडिबानं धोतर सोडलं, विटका हिरवा परकर चढवला आणि दारात जाऊन उभा राहिला.

"आली का काळतोंडे?" मथरामाय म्हणाली आणि भाकर मागितली.

सेलूच्या डॉक्टरांनी हे आता असंच राहणार म्हणून सांगितलं. मी धोंडिबाशी भांडलो. म्हातारीला शेजारी सांभाळतील, तू लग्न कर, म्हणून ओरडलो. तो म्हणाला, "अप्पा, ती धोंडीला हुडकीत विहिरीकडं गेली म्हंजी?" पूर्णेला निरोप न्यायचं काम माझ्यावरच आलं. भाऊ अटीवरून हलला नाही, आणि त्याला तरी नावं कशी ठेवणार? कौसा वर्षभर थांबली. मग भावानं तिला गंगाखेडकडं देऊन टाकलं.

ही बातमी सांगायला गेलो तेव्हा धोंडिबा पंक्चर काढत होता. हवा भरलेली ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे बघत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "तिकडं तिला सायकल मिळंल का?" मला त्याचा संताप आला. म्हातारीचा त्याहून जास्त आला, खोटं कशाला बोलू. जन्मभर मुलाला मरणापासून लपवलं आणि शेवटी स्वतःपासूनच लपवून बसली. तो राग कित्येक दिवस माझ्या मनातून गेला नाही. मी त्यांच्या घरावरून जाणंसुद्धा टाळायला लागलो.

एका संध्याकाळी कुटुंबानं म्हातारीसाठी ताकातल्या कण्या दिल्या आणि मला बळंच धाडलं. दार उघडंच होतं. मथरामाय भिंतीला टेकून बसली होती आणि धोंडिबा समोर परकर पसरून बसून तिला दूधभाकरीचा काला भरवत होता. ती आपल्या मुलांचं सांगत होती. पहिल्याचे डोळे कसे होते, दुसरा कसा रडायचाच नाही, तिसऱ्याला पाणी किती आवडायचं, चौथा कसा हसता हसता गेला.

"आन पाचवा?" धोंडिबानं विचारलं.

म्हातारीचा चेहरा बदलला. "पाचव्याचं काय सांगू बाई. धोंडिबा. समद्यात देखणा तोच. दिव्यावानी लेकरू व्हतं. आन हात इतके गुणाचे, काय बी मोडकं दिलं की जोडून ठिवायचा. लय माया व्हती त्याला माझी. मी एक दिवस गोड बोलले न्हाई गं त्याला. भ्या वाटायचं, मी बोलले आन कुणी ऐकलं तर? तसाच गेला."

ती रडायला लागली. धोंडिबानं हातातला घास परत वाटीत ठेवला. कण्यांचं भांडं घेऊन मी ओट्यावर उभा होतो, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खरंच एवढा चांगला व्हता, माय?"

"तुला काय ठावं. तू तवा झाली न्हवतीस."

त्यानं परकराच्या काठानं तिचं तोंड पुसलं, मग तिचे डोळे पुसले, आणि सरकून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला.

"मंग सांग की," धोंडिबा म्हणाला. "मला बी कळू दे, कसा व्हता."