एकतिसाव्याच्या पाडावाची बखर

श्री. मापास नमन. तराजूच्या काट्यास, तापमापकाच्या पाऱ्यास, आणि जिच्यात औषध म्हणोन काहीच घालीत नाहीत परंतु जिच्यावाचून कोणत्याच औषधाचा निवाडा होत नाही त्या कोऱ्या कुपीस नमन करोन वर्तमान लिहितो ते ऐसे. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, ते समयी अमुक एका राज्यावर आईसाहेब राज्य करीत होत्या. राज्य सुखी होते, परंतु डोंगराळ मुलखात एक ज्वर पैदा जाहला आणि त्यास लोक डोंगरज्वर म्हणो लागले. ज्यास धरी तो अंथरुणास खिळे, आणि उठला तरी त्याच्या पायांत पूर्वीचा डोंगर चढण्याचे बळ राहत नसे. ज्वराचे मूळ एक सूक्ष्म जंतू, आणि त्या जंतूच्या पोटी एक विकर. हा विकर म्हणजे जंतूचा आचारी. रक्तातील अन्न फोडून धन्यास वाढणे हेच त्याचे काम. आचारी थांबला तर धनी उपाशी मरेल, ऐसे विद्वानांचे मत पडले. त्या आचाऱ्याच्या अंगास एक खाच होती आणि अन्न त्या खाचेतच फुटत असे. सबब खाचेत नेमका बसेल ऐसा रेणू हुडकावा आणि खाच बुजवावी, म्हणोन मोहीम मुक्रर जाहली.

राज्यात या कामी दोन शाळा होत्या. एक रसशाळा, तिच्या मुख्य सगुणाबाई थोरवे. बाईंचा हात ऐसा की सूक्ष्म नळीने द्रव उचलला तर थेंबास थेंब जुळे, आणि डोळा ऐसा की द्रावणाचा रंग किंचित ढळला तरी यंत्राच्या आधी त्यांस कळे. दुसरी गणकशाळा, तिचे मुख्य विसाजीपंत उकिडवे. पंतांनी कुपी हाती धरिली नाही, परंतु संगणकांच्या रांगा थंडगार दालनात मांडोन ते पडद्यावर विकराची खाच उभी करीत, आणि एकेक रेणू आडवा, उभा, तिरका फिरवोन खाचेत बसवीत, आणि कोण किती घट्ट बसतो त्याचा अंक काढीत. दोन्ही शाळांमध्ये एक भिंत होती आणि भिंतीपेक्षा जाड ऐसे हाडवैर होते. बाई भर सभेत म्हणत, "पंत, ही तुमची बोलाची कढी. आम्ही भात लावून बसलो आहोत, वाढा तरी." मग पंत शांतपणे उत्तर करीत, "बाई, रान मोठे आहे. झाड मी दाखवतो. फळ गोड की कडू ते चाखणे तुमच्याकडे." आणि दोघेही आपापल्या दालनात जाऊन दार लावीत.

मग कारभारी दौलतराव यांनी आईसाहेबांचे कानी घातले की, गणकशाळा वीज फार खाते, डोंगरात दवाखान्यांस पंखे नाहीत आणि येथे यंत्रांस गारवा, आणि आजवर एकही रेणू या शाळेने जिंकोन दिला नाही. तेव्हा आईसाहेबांनी हुकूम केला की, येत्या दसऱ्यास ज्याची नौबत वाजेल ऐसा रेणू गणकशाळेने द्यावा. न दिल्यास शाळा मोडावी. यंत्रे महसूलखात्याकडे वळवावी, ऐसे कारभाऱ्यांच्या मनात होते. हे ऐकोन पंतांचे तोंड उतरले, कारण त्यांनी तरुणपणापासोन दुसरे काही केले नव्हते, आणि त्यांच्या हाताखालील मंडळी यंत्रांपाशी दुसरे काय काम करणार हे कोणास ठाऊक नव्हते. मग पंतांनी मोर्चे लाविले. कोट्यवधी रेणूंची नोंदलेली फौज यंत्रांपुढे उभी केली आणि खाचेत बसवोन पाहण्यास आरंभ केला. जे बसेनात ते वगळिले, जे बसले परंतु मनुष्यास विषारी ठरतील ते वगळिले, जे कोणत्याही भट्टीत बनणार नाहीत तेही वगळिले. शेवटी चाळीस उरले. ते चाळीस भिंतीपलीकडे पाठविले, आणि सगुणाबाईंनी नाक मुरडले परंतु कामात कसूर केली नाही. काही रेणू बाहेरून आणविले, काही आपल्या भट्टीत घडविले, आणि प्रत्येकाची शुद्धी तपासोन मगच पुढे घेतला.

परीक्षा ऐसी. शहाण्णव खळग्यांची एक पारदर्शक ताटली. प्रत्येक खळग्यात विकर आणि त्यास फोडावयास एक द्रव्य. विकराने ते फोडिले की द्रावण पिवळे होई. रेणूने विकरास रोखले तर पिवळेपणा उतरे. आणि काही खळगे कोरे, त्यांत रेणू नाही, नुसता द्रावक, म्हणजे पिवळे किती व्हावयाचे ते ताडून पाहता येई. आणि कोणत्या खळग्यात कोणता रेणू हे मापणाऱ्यास सांगत नसत, कारण मनुष्यास जे हवे तेच दिसते हे राज्यात पूर्वीपासोन जाणत होते. ऐसे चाळीस रेणू लढले. बहुतेक पडले. सतराव्याने थोडा पिवळेपणा उतरविला, तो इतका थोडा की कोणी त्याकडे वळोन पाहिले नाही. परंतु एकतिसावा आला आणि त्याचे खळगे पाण्यासारखे स्वच्छ राहिले. पुन्हा केले, तेच. तिसऱ्यांदा केले, तेच. मग गणकशाळेत पेढे आले, आणि दौलतरावांनीही एक उचलिला, आणि सगुणाबाई स्वतः भिंत ओलांडोन आल्या आणि पंतांस म्हणाल्या की झाड बरे दाखविले. हे बोलणे ऐकोन मंडळी चकित जाहली. परंतु बोलताना बाईंची नजर पडद्यावरील रेघेवर होती. रेणू जसजसा वाढवावा तसतसा विकर हळूहळू मंदावतो, ऐसी रीत. येथे रेघ सपाट चालोन एकदम कड्यावरून पडल्यासारखी खाली गेली होती. बाईंनी ते पाहिले आणि काही बोलल्या नाहीत. पंतांनीही पाहिले.

या राज्यात एक चाल होती, तीस उलटा घाव म्हणत. जो जिंकला त्यानेच नौबतीपूर्वी भर दरबारी सांगावे की, माझा जय खोटा असला तर तो कोणत्या घावाने पडेल, आणि मग तो घाव आपल्यासमक्ष घालोन घ्यावा. पूर्वी ही चाल मोठी कडक होती. परंतु पुढे पुढे ती नवरदेवाच्या कानपिळीसारखी जाहली होती. लोक म्हणत, तीच परीक्षा आणखी एकदा करा, आणि ती पार पडे, आणि नौबत वाजे. घटस्थापनेच्या दिवशी पंतांचा दरबारात उलटा घाव नेमला होता. आदल्या दिवशी दौलतराव त्यांस भेटले. कारभारी मनाने वाईट नव्हते, त्यांस फक्त गोष्टी निकालात निघालेल्या आवडत. त्यांनी सुचविले की घाव घालावा परंतु मोरपिसाने घालावा. तुमची शाळा राहील, माझी कटकट जाईल. पंत निरोप घेऊन निघाले. घरी गेले, जेवले आणि म्हणे अंगणातल्या झोपाळ्यावर बराच वेळ झोका न घेता बसोन राहिले.

दरबार भरला. आईसाहेब विराजमान जाहल्या आणि पंत उभे राहिले. म्हणाले, "आईसाहेब, एकतिसावा तेलकट आहे आणि त्याचा उतार फार खडा आहे. यात साबणाचा अंश घालून पाहावा." दरबारास काही कळले नाही, तेव्हा पंतांनी विस्ताराने सांगितले. कित्येक तेलकट रेणू पाण्यात सुटे राहत नाहीत, एकमेकांस बिलगोन गोळे करितात, आणि विकर त्या गोळ्यांस चिकटोन अडकतो, जसा माशीचा पाय गुळात अडकावा. खाच बुजलेली नसते. ऐसा रेणू हा आचारी थांबवील आणि दुसऱ्या कोणाचाही आचारी थांबवील. रोग्याच्या अंगी तो औषध नव्हे. साबणासारखे द्रव्य घातले की गोळे सुटतात, आणि जय लटका असेल तर त्यासवे सुटतो. आईसाहेबांनी विचारिले, "आणि पडला तर?" पंत म्हणाले, "तर तो उभा नव्हताच. आपणास आज कळले, इतकेच." हे ऐकोन दौलतरावांनी मान खाली घातली. आईसाहेबांनी दुसऱ्यांदा विचारिले की शाळेचे काय होईल ते ध्यानी आहे ना. पंत म्हणाले की ध्यानी आहे.

मग सगुणाबाईंनी ताटली लाविली आणि एकतिसाव्यापुरती लाविली नाही. म्हणाल्या, घाव सर्वांस सारखा, चाळीसही पुन्हा येवोत. साबणाचा अंश घातला, आणि कोऱ्या खळग्यांतही घातला, म्हणजे साबणच विकरास छळतो काय तेही कळावे. यंत्राने मापले. एकतिसाव्याचे खळगे हळदीसारखे पिवळे जाहले. जय गेला. गणकशाळेतील मंडळी उठोन बाहेर निघाली आणि पंत एकटे ताटलीपाशी राहिले. बाई त्यांस म्हणाल्या, "मला रेघ दिसली होती पंत. बोलले असते तर लोक म्हणाले असते, जळते. म्हणून गप्प राहिले." पंत म्हणाले, "तुम्ही बोलला असता तर मी भांडलो असतो. भांडता भांडता मलाही पटले नसते." मग बाई ताटलीकडे वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. सतरावा तसाच होता. साबण नसता जितका थोडा पिवळेपणा उतरविला, साबण असता तितकाच थोडा उतरविला. त्यास दुसऱ्या एका परक्या विकरापुढे उभे केले तर त्याने त्या विकरास बोटही लाविले नाही. रेघ हळूहळू उतरणारी, पायऱ्यांच्या घाटासारखी. बाईंनी विकराचे स्फटिक आधीच वाढवोन ठेविले होते. ते सतराव्याच्या द्रावणात भिजविले, आणि त्यांवर क्ष-किरणांचा मारा केला, आणि विखुरलेल्या ठिपक्यांवरून पंतांच्या यंत्रांनी आत काय आहे त्याचा आकार काढिला. रेणू खाचेत होता. ज्या खाचेत पंतांनी सांगितला त्याच खाचेत होता, परंतु पंतांच्या चित्रात जे डोके ते येथे शेपूट जाहले होते. बाई म्हणाल्या, "पंत, तुमचा सरदार किल्ल्यात शिरला खरा, पण घोड्यावर उलटा बसून." मग पंत पुष्कळ दिवसांनी हसले आणि म्हणाले की उलटा बसला म्हणोनच दुबळा आहे, आता त्यास बसावयास सुलट खोगीर करता येईल.

दसऱ्यास दरबार भरला. दौलतराव म्हणाले की, सतरावा खरा आहे हे मान्य, परंतु दुबळा आहे, डोंगरातील एकाही रोग्यास तो आज उठविणार नाही, आणि दुबळ्याची नौबत वाजत नाही. हुकूम तो हुकूम. पंतांनी यास रुकार दिला. म्हणाले, हे वाजविण्याजोगे नव्हे. तेव्हा आईसाहेब विचारात पडल्या, कारण राज्याचा शब्द फिरवावा तर उद्या कोणाचाच शब्द राहणार नाही. इतक्यात सगुणाबाई पुढे जाहल्या आणि अर्ज केला की, आईसाहेबांचा हुकूम शाळा मोडण्याचा आहे. यंत्रे कोठे जावी हे त्यात कोठेच नाही, ते कारभाऱ्यांनी मनाशी धरिले होते. शाळा मोडावी. यंत्रे आणि माणसे मला द्यावी, माझे दालन मोठे आहे, आणि सतराव्यास खोगीर घालावयाचे तर झाड दाखविणारा रोज शेजारी हवा, भिंतीपलीकडे नको. दौलतरावांनी हुकूम आठवोन पाहिला, मग मान्य केले. आईसाहेब म्हणाल्या, "पंत, तुमची शाळा मोडली." पंत म्हणाले, "जशी आज्ञा," आणि मुजरा केला, आणि दरबार बरखास्त जाहला.

मग गणकशाळेची पाटी उतरविली आणि यंत्रांच्या रांगा रसशाळेत आल्या. तेथे गारवा वाढला म्हणोन बाईंचे द्रावण गोठे आणि बाई तक्रार करीत. भट्टीच्या उष्म्याने यंत्रे तापत आणि पंत तक्रार करीत. परंतु सकाळी यंत्राने सांगावे की येथे एक अणू वाढवा, दुपारी भट्टीने घडवावे, संध्याकाळी ताटलीने खरेखोटे करावे, आणि प्रत्येक ताटलीत साबणाचा अंश असावाच, ऐसा शिरस्ता पडला. सतराव्याचे वंशज एकाहून एक बळकट निपजू लागले. डोंगरात ज्वर अद्याप आहे आणि माणसे अंथरुणास आहेत; जय जाहला ऐसे या राज्यात कोणी म्हणत नाही.

एकूण वर्तमान ऐसे की, शोभन संवत्सरी एक जय पडला, एक शाळा मोडली, नौबत वाजली नाही. ज्याचा जय त्यानेच तो पाडविला, आणि जीस पाडता आला असता तिने त्यास आपल्या घरी जागा दिली. याहून मोठा पराक्रम त्या साली राज्यात जाहल्याचे ठाऊक नाही. लेखणी येथे ठेविली असे.