हौसाक्काचं भिंग आणि आमची सुसंस्कृत गल्ली

अन्याय झाला तो हौसाक्कावर. गेल्या वैशाखात, शैलावहिनींच्या प्राजक्ताच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, विट्यात, आमच्याच गल्लीत, भर मांडवात. साक्षीला गल्लीतल्या झाडून सगळ्या बायका, एक कासार आणि मी. तक्रार कुणी केली नाही, कारण आमच्याकडं याला गुन्हा म्हणत नाहीत, रीत म्हणतात.

काय झालं ते सांगतेच. पण आधी हौसाक्का कोण ते कळायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, असेल कुणी बिचारी. हौसाक्का बिचारी अजिबात नाही. ती भेटली की बिचारे तुम्ही होता.

कारण ती तुमच्या तोंडाकडं बघतच नाही. आधी कान, मग गळा, मग बोटं. तिच्या स्वतःच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेलं सराफी भिंग असतं. नवरा गेल्यावर मंगळसूत्र उतरवलं, त्या जागी तिनं त्याचं भिंग अडकवलं. ते डोळ्याला लावायचं, तुमचा हात धरायचा आणि हुकूम सोडायचा, "उजेडात ये." तुम्ही दूध आणायला निघालेले असा, नाहीतर परीक्षेला. उजेडात यावंच लागतं. तुम्ही काही बोलायला गेलात की, "पोदुम! खडा बोलतोय, तू गप बस." पोदुम म्हणजे तमिळमध्ये पुरे. गल्लीतल्या लहान पोरांनाही एवढं तमिळ येतं.

हे तमिळ आलं कोइमतूरहून. आमच्या विट्याच्या आसपासची निम्मी गावं गलाईच्या धंद्यात. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करायचं. देशात कुठल्याही शहरातल्या सराफ बाजारात जा, एखाद्या बोळात आमच्या भागातला माणूस भट्टीपुढं घाम पुसत बसलेला दिसेल. हौसाक्काचा नवरा त्यातला. खाली भट्टी, वर बिऱ्हाड. दागिना मुशीत टाकायच्या आधी त्यातले खडे उपटून काढायचे आणि गिऱ्हाइकाला परत द्यायचे. ते वेगळे करायचं काम हौसाक्काचं. तांदूळ निवडावा तसे ताटात घेऊन ती उभी हयात खडे निवडत बसली. "सोनं आगीत, खडं माझ्या ताटात," असं ती सांगते. नवरा गेला, दुकान पोराकडं आलं, सुनेला घर अपुरं पडायला लागलं आणि हौसाक्का विट्याला परत आली. एकटी, भिंगासकट.

तिला वेळकाळ कळत नाही, हे मी आधीच मान्य करते. आमच्या गल्लीतले तात्या वारले तेव्हा थोरले जावई पुढं बसून डोळे पुसत होते. पुसताना बोटातला पिवळाधमक खडा सगळ्यांना दिसेल याची काळजीही घेत होते. हौसाक्का आली, तात्यांच्या फोटोला हात जोडले आणि सरळ जावयाचा हात धरला.

"पुष्कराज म्हनून दिला व्हय कुणी? आवं पावनं, सुनेला नावाचा सवंग खडा हाय ह्यो! पिवळा असला म्हनून काय झालं? एका पुष्कराजाच्या पैशात सुनेलं ओंजळभर येत्यात."

त्यानंतर जावई पहिल्यांदाच मनापासून रडले, असं बघणारे सांगतात.

अंगठ्या देऊन ग्रह वळवणाऱ्या महाराजांविरुद्ध मी आणि माझ्या मैत्रिणी पत्रकं काढतो. हौसाक्का ते काम दोन वाक्यांत उरकते. एकदा एका काकूंनी विचारलं, "साडेसाती हाय, नीलम घालू का?" हौसाक्का म्हणाली, "नीलम, माणिक आन पुष्कराज एकाच आयची लेकरं. दगड एकच, रंग तेवढा येगळा. एकानं शनी गप बसतोय आन दुसऱ्यानं सूर्य वर येतोय, ह्ये दगडाला कुणी सांगितलं?" काकू म्हणाल्या, "पण गुरुजी म्हणाले..." "पोदुम! गुरुजींच्या बोटात किती हायत्या? धा. तरी त्यांची गाडी रोज ढकलून सुरू करावी लागतीया."

प्रश्न विचारायला बायका यायच्या, हे नाकबूल कुणी करू नये. दुपारी भांडी झाली की तिच्या पायरीवर एकेक जण डबी घेऊन हजर. अगदी बाळबोध प्रश्न असायचे आणि हौसाक्का प्रत्येकीला आधी खेकसून मग नीट सांगायची. मोती खरा कसा ओळखायचा? पुढच्या दाताच्या कडेवर हळूच घास. बारीक रेतीसारखा खरखरला तर खरा, गुळगुळीत घसरला तर खोटा. एका बारशात तिनं हे सांगितलं आणि जेवणाची पंगत थांबवून बायका आपापले मोती दातांवर घासत बसल्या. पाळण्यातलं पोर बाजूलाच राहिलं. फोटोग्राफरनं फोटो काढले ते आजतागायत कुणी मागून घेतलेले नाहीत.

"पण हौसाक्का, आमचा मोती कल्चरचा हाय म्हणं. म्हंजे खोटाच की," शैलावहिनी म्हणाल्या होत्या.

"तुझी प्राजक्ता दवाखान्यात झाली, घरात न्हाई. म्हनून खोटी झाली का गं? शिंपल्यात बी माणसानं ठेवलं, मोती शिंपल्यानंच केला. खराच त्यो. फकस्त अत्तर मारून झाल्यावर घाल आन घरी आल्यावर आधी काढ. वासानं मरतोय मोती."

अमेरिकन डायमंड? "अमेरिकेचा न्हाई आन हिराबी न्हाई." हिरा फुटतो का? "ओरखडा पडत न्हाई, पर टोला बसला की तुकडं. कडक हाय म्हनून चिवट हाय असं न्हाई." पाचूत रेघा दिसतात, बदलून आणू का? "पाचू हाय त्यो, रेघा असनारच. स्वच्छ, निर्मळ, मोठा आन स्वस्त दिसला की उठून ये. आन गरम पान्यात धुऊ नगं, भेगांत तेल भरलेलं असतंय, तेल गेलं की खडा उघडा पडतोय." बावीस कॅरेट सोनं आणि दोन कॅरेटचा खडा, यातला कॅरेट एकच का? "न्हाई गं बाई. सोन्याचा कॅरेट म्हंजे चोवीस भागांत सोनं किती. खड्याचा कॅरेट म्हंजे वजन, पाच कॅरेट म्हंजे एक ग्रॅम. दुकानदार दोन्ही एका दमात बोलतोय, तू दोन दमात ऐक."

ती सगळ्यात बरोबरच असते असंही नाही. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा खराच हिरा असतो, हे तिला मी बापजन्मात पटवू शकले नाही. "शिंपल्यातल्या मोत्याला चालतं, मग हिऱ्याला का नाही?" असं मी विचारलं. तिनं भिंग पुसलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "तू पत्रकं वाट."

तर प्राजक्ताचं लग्न ठरलं. फलटणचं स्थळ, ऊसवाले, मुलगा फौजेत. शैलावहिनी दागिने घ्यायला सांगलीला सराफकट्ट्यावर निघाल्या तेव्हा बरोबर कुणाला घेतलं? हौसाक्काला. एसटीत खिडकीशेजारची जागा दिली, वाटेत भडंग खाऊ घातलं, 'हौसाक्का' 'हौसाक्का' करून जीभ झिजवली. आणि हौसाक्कानंही दुकानदाराला सोडलं नाही. तुशीतले लाल खडे सोन्यातच तोलून त्यानं बिल केलं होतं. "काचेला सोन्याचा भाव लावतोस व्हय रं? खडं येगळं, सोनं येगळं, मग बोल," म्हणून तिनं सगळं पुन्हा तोलायला लावलं. नथीचे मोती दाताला लावून बघितले. शैलावहिनी येताना एसटीत तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "तुमी नसता तर आमाला लुटलं असतं." मी मागच्याच सीटवर होते, ऐकलंय.

चुड्याच्या दिवशी तोच हात नको झाला.

कासार आला. मांडवात सतरंजी अंथरली, प्राजक्ताला मधे बसवलं, बायका ओळीनं बसल्या. नवरीच्या हातात हिरवा चुडा भरायचा, मग सगळ्यांनी भरून घ्यायचा. प्राजक्ताच्या हाताची हाडं रुंद, कासाराची पहिलीच बांगडी तडकली. पोर कळवळली. हौसाक्का कडेला खांबाला टेकून बसली होती, ती उठली. "हात सैल सोड. अंगठा आत. अशी," म्हणत तिनं प्राजक्ताचा पंजा दोन्ही हातांत दाबून धरला आणि कासारानं अख्खा चुडा भरला. एकही फुटली नाही. बायका हसल्या, प्राजक्ता हसली, हौसाक्काही हसली. मग त्याच हसण्याच्या भरात ती तिथंच खाली बसली आणि तिनं कासारापुढं आपला हात धरला.

"मलाबी भर रं दोन. काच तर काच."

आयुष्यभर काचेला नावं ठेवणारी बाई स्वतःहून काच मागत होती. कासारानं बांगडी उचललीसुद्धा. तेवढ्यात बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. कासाराचा हात तसाच राहिला. शैलावहिनी सतरंजीचा धागा ओढायला लागल्या. आणि त्यांच्या थोरल्या नणंदबाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आवं हौसाक्का, तुमी जरा आत पुऱ्यांचं बघता का? आचाऱ्याला काय जमंना झालंय."

आमच्या गल्लीचा हाच तर मोठेपणा. आम्ही विधवा बाईला हाकलून देत नाही. आम्ही तिला पुऱ्या तळायला पाठवतो.

मी उभी राहिले. म्हणाले, "दागिने पारखायला हौसाक्का चालतात, पोरीचा हात धरायला चालतात, मग बांगडीला काय झालं?" नणंदबाई म्हणाल्या, "तुझं भाषण चौकात कर बाई, शुभकार्यात नगं." दोघी-तिघींनी मला पदराला धरून खाली बसवलं. सगळ्यांनी एकदम वाढप्यांबद्दल बोलायला सुरुवात केली. हौसाक्कानं पुढं केलेला हात मागं घेतला, पदराला पुसला, जणू त्याला काही लागलं होतं. "सेरी," एवढंच म्हणाली. सेरी म्हणजे बरं.

मी मागोमाग आत गेले. ती खरंच पुऱ्या तळत होती.

"चला घरी, हौसाक्का. एक मिनिट थांबायचं नाही इथं."

"पुऱ्या करपतील."

"करपू देत! मी उद्याच्या उद्या पत्रक काढते. नावानिशी."

तिनं झारा कढईवर आपटला. "काढ. पर शैलाचं नाव घालू नगं. पोरगी फलटनला नांदायला चाललीया, तितं कुणी तिला बोल लावाया नगं. आन आवाज कर कमी, भाईर ऐकू जातंय."

म्हणून शैलावहिनींचं आणि प्राजक्ताचं नाव मी इथं बदललेलं आहे. नणंदबाईंचं बदललं असतं, पण मुळात लिहिलेलंच नाही. त्या वाचून ओळखतील.

लग्न झालं. त्यानंतर हौसाक्काचं पायरीवर बसणं बंद झालं. डबी घेऊन बायका गेल्या की ती दाराआडून सांगायची, "मला आता दिसत न्हाई. सराफाला विचारा." भिंग खुंटीला. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कानांकडं नजर नाही. आमच्या गल्लीला केवढं हायसं वाटलं! बायका खोट्या कुड्या घालून निर्धास्त हिंडायला लागल्या. "म्हातारपन दुसरं काय," म्हणून सगळ्यांनी आपापली समजूत घातली.

मांडवपरतणीला प्राजक्ता माहेरी आली. दुपारी ती एकटीच माझ्याकडं आली आणि म्हणाली, "ताई, चल की माझ्यासंगं." आम्ही हौसाक्काकडं गेलो. दार ढकललं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"दिसत न्हाई मला," ती म्हणाली.

"बरं," म्हणत प्राजक्ता तिच्यापुढं मांडी घालून बसली आणि फलटणहून घालून आलेल्या अंगठीचा हात तिच्या मांडीवर ठेवला. "सासूबाईंनी दिलीया. खडा खरा हाय का सांगा की."

 हौसाक्कानं तो हात उचलला. भिंगाकडं तिनं पाहिलं नाही. उजेडात ये म्हणाली नाही. खड्याकडंही पाहिलं नाही, हे मी शपथेवर सांगते, मी समोरच होते. तिनं दोन्ही हातांनी प्राजक्ताचा पंजा धरला आणि डोळे मिटून घेतले. अंगठ्यानं तळहातावरून हळूहळू फिरवत राहिली. मेंदी उतरत आली होती.  प्राजक्तानं हात सैल सोडला होता.

"कोइमतूरला शेजारपाजारच्या पोरी यायच्या," हौसाक्का म्हणाली. "भाषा येत नव्हती मला. काय बोलावं? खडं बघायची त्यांचं. तेवढंच हातात हात."

बाहेरून शैलावहिनींची हाक आली, पुन्हा आली, तिसऱ्यांदा जरा चिडून आली. प्राजक्ता उठली नाही.

"खरा हाय का, हौसाक्का?"

"हां," ती म्हणाली. "खराच हाय."

एवढं वाचून तुमच्या डोळ्यांत पाणी आलं असेल तर ते पुसा, त्याचा हौसाक्काला काही उपयोग नाही. उपयोगाचं सांगते. तुमच्या गल्लीतही अशी एक बाई आहे. कुणी खडे पारखते, कुणी बाळंतिणीला न्हाऊ घालते, कुणी रुखवताचे लाडू वळते, आणि हळदीकुंकवाच्या दिवशी दार लावून आत बसते. येत्या संक्रांतीला स्वतः जाऊन तिला घेऊन या, पहिलं कुंकू तिच्या कपाळाला लावा आणि सासू, नणंद, शेजारीण कुणी काही बोललं तर बोट मागं घेऊ नका. ते जमणार नसेल, तर तुमची नथ, तुमची अंगठी, तुमच्या पोरीचे दागिने घेऊन तिच्या दाराशी जाऊ नका. तिचा हात एका कामाला चालतो आणि दुसऱ्याला बाटतो, असं तुमच्या घरात असेल, तर आजपासून तो कुठल्याच कामाला मागायचा नाही.