रोह्याच्या मैदानात बसवलेला बैल

पेणच्या सगुणानं बैल करायला घेतला, तेव्हा हा बैल रोह्याची वाहतूक सुरळीत करणार, असं तिनं कारखान्यात ठणकावून सांगितलं. सांगताना दमून तिचे डोळे मिटत होते. पण सांगितलं ते ठणकावूनच.

तिच्या कारखान्यात धरमतरकडच्या बायका कागदाच्या लगद्याचे गणपती करत. गणपती गेले की बायकांच्या हातांना काम नसे. मग हौसा आणि बाकीच्या परत मिठागरात, भर उन्हात. वर्षभर काहीतरी चालू राहावं म्हणून सगुणा येईल त्याला हो म्हणत सुटली होती. त्यातच पोपट आला.

पोपट निडीचा, मुंबईहून शहरं सुधारण्याचं शिक्षण घेऊन आलेला. रोह्याच्या बाजारचौकात मोकाट गुरं बसतात, रिक्षा अडकतात, शिंगांना भिऊन म्हातारी माणसं बाजारात येत नाहीत, यावर तो कित्येक महिने अभ्यास करत होता. त्याचं म्हणणं असं, की एक जनावर बसलं की बाकीची त्याच्याभोवती बसतात. बाहेरच्या मैदानात एक देखणा बैल बसवला, की चौक आपोआप मोकळा!

"मावशी, हे जमलं तर गावोगावचे लोक तुमच्याकडं बैल मागतील," तो म्हणाला.

सगुणाला बाकीचं फारसं कळलं नाही. मागतील, हे कळलं.

बैल झाला मात्र झकास. हौसानं सवयीनं डोळे गणपतीचेच रंगवले, त्यामुळे बैल आता आशीर्वाद देतो की काय असं वाटायचं. टेम्पोतून नेताना नागोठण्याला दोन बायकांनी त्याला हात जोडले.

सकाळभर मैदानात एकही जनावर फिरकलं नाही. पोपट चौकातल्या गाईला हाकलायला गेला, तर गाईनंच त्याला बाजारभर हाकललं. दुपारी मात्र एक कालवड आली, बैलाला हुंगून शेजारी बसली. तिच्यामागून बाकीची आली. ऊन उतरेपर्यंत चौक रिकामा आणि मैदान भरलेलं. एक म्हातारी गाय तर बैलाची मान मायेनं चाटत होती. ते बघून पोपटाला भरून आलं. सगुणानं लगेच हौसाला फोन लावला.

"मिठागरात जाव नको गो. काम येतंय."

पण मैदानात कळप जमलाय अशी कुणीतरी तक्रार केली, आणि दोघं निघून गेल्यावर गुरं धरणाऱ्या ठेकेदाराची गाडी आली. त्या गाडीचा आवाज गुरांच्या ओळखीचा. शेपट्या वर करून बहुतेक सगळी पळाली, ती थेट चौकात. म्हातारी गाय आणि दोन-चार आळशी तेवढी सापडली. आणि बैल. तो कागदाचा आहे हे ठेकेदाराच्या माणसांना कळलं होतं. पण इतकं गरीब जनावर त्यांना आजवर मिळालं नव्हतं. त्यांनी त्यालाही गाडीत घातलं.

सकाळी सगुणा आणि पोपट कोंडवाड्यावर पोचले. राखणदार केरूनं फाटक उघडलं. आत गुरं तृप्त होऊन रवंथ करत बसली होती. मधोमध बांबूचा सांगाडा उभा होता, त्याला एक खूर चिकटलेला.

"खाल्ला?" पोपटानं विचारलं.

"व्हय," केरू म्हणाला.

सगुणा दगडावर बसली. लगद्यात मैद्याची खळ घातलेली, ते तिला आत्ता आठवलं. म्हणजे म्हातारी गाय माया करत नव्हती, चव बघत होती. पोपट शेजारी येऊन बसला.

केरू थोडा वेळ घुटमळला.

"बाय, रोज रातभर हंबरतात, झोपू देत नाय. काल सगली गप होती. असा अजून मिलंल काय?"

सगुणानं मान वर केली. हीच ती मागणी.

"मिलंल," ती म्हणाली.

"मंग रंग नको, शिंगं नको, डोले पण नको. बैल नसला तरी चालंल."

हौसाला हे कोणत्या तोंडानं सांगायचं, याचा विचार करत सगुणा सांगाडा खांद्यावर टाकून एसटी स्टँडकडे निघाली.