दोन बोटांची रेघ

आयुष्यभर म्हाताऱ्याने कुणाचं ऐकलं नव्हतं, तो ट्रॅक्टरवर बसवलेल्या डबड्याचं काय ऐकणार! पण वेळच तशी आली. डॉक्टरने सांगितलं, डोळ्यांची नस सुकतेय. मुलाने बजावलं, "बाबा, या हंगामात स्टिअरिंग मशीन सांभाळेल, तुम्ही नुसतं बसा. पण घोळ झाला, तर शेत दुसऱ्याला कसायला देणार."

मुलाला वाटत होतं, बापाला जरा कमी दिसतं. खरं तर बापाला बॉनेटपर्यंत दिसायचं, पुढे सगळा पांढरा धुरळा. हे ठाऊक होतं ते फक्त म्हातारीला.

मशीन बसवायला आलेला फिटर सेटिंग समजावू लागला. "काका, बारीक लावलं तर दोन बोटांपेक्षा जास्त फरक पडत नाही. पण वरून, उपग्रहाकडून येणारा सिग्नल हलला की मशीन स्टिअरिंग सोडून देतं, मग तुम्ही धरायचं. ढिलं लावलं तर वीतभर इकडेतिकडे होतं, पण सोडत नाही."

"सोडत नाही ते लाव."

"पेरणीला बारीकच हवं हो. पुढे गवत काढायला त्याच रेघांवरून कोळपणी करायचीय."

"तुझं वय काय?"

"एकतीस."

"मी त्रेपन्न वर्षं पेरतोय. ढिलं लाव."

फिटरने मुकाट्याने लावलं. (सुटलेलं स्टिअरिंग धरायला पुढचं दिसावं लागतं, हे म्हातारा त्याला कोणत्या तोंडाने सांगणार?)

पेरणी झाली. मका उगवला, गवतही उगवलं. कोळपणीच्या सकाळी म्हातारी म्हणाली, "रोपं कोवळी आहेत. आता तरी बारीक लावा. आभाळ मोकळं आहे, नाही सोडायचं ते."

जन्मात पहिल्यांदा त्याने बायकोचं ऐकलं. तिनेच पडद्यावरचं बटण शोधून दाबलं आणि ती घरात गेली.

मशीनने इमानाने काम केलं. पेरणीच्या वेळी नोंदलेली रेघ त्याने दोन बोटंही सोडली नाही. फक्त ढिल्या सेटिंगवर पेरलेला मका त्या रेघेवर नव्हता, वीतभर बाजूला उगवला होता. कोळप्याची पाती नेमकी तिथूनच फिरली.

दुपारी म्हातारी पाणी घेऊन आली आणि बांधावरच थबकली. "थांबवा ते."

"का? रेघ बघ की. सुतासारखी."

"सरळच आहे. गवत उभं आहे आणि मका आडवा."

"किती?"

"मागे बघा ना," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली. त्याने सवयीने मान वळवली. पांढरा धुरळा. "पार त्या बांधापर्यंत," ती हळूच म्हणाली.

संध्याकाळी मुलगा आला. शेत पाहून ओरडला नाही, तेच वाईट. "बाबा, एवढं कापलं जाताना दिसलं नाही?"

"दिसत होतं. मशीन चुकलं."

"सकाळपासून?"

म्हातारा खाली उतरला. ट्रॅक्टरची किल्ली काढून त्याने अंधुक उजेडात समोरच्या आकृतीकडे हात पुढे केला. "घे. दे शेत कुणाला द्यायचं त्याला. पण दिसत नाही म्हणून सोडत नाहीये मी. कंटाळा आला म्हणून सोडतोय. घारीची नजर आहे माझी."

किल्ली कुणी घेईना.

"धर की. बापाला किती वेळ ताटकळत ठेवशील?"

"बाबा," पाठीमागून मुलाचा आवाज आला, "तो विजेचा खांब आहे."