पाहुण्याचं नाव सांगा

बालाघाटला आमच्या गल्लीच्या तोंडाशी झिंगरूजींचं किराणा दुकान होतं. तिथे चिन्नोर तांदूळ मागितला की आधी पाहुण्याचं नाव सांगावं लागे. नुसतं नाव नव्हे. गाव, नातं आणि कोणत्या गाडीनं येणार तेही. एवढी चौकशी सोयरीक जुळवतानासुद्धा होत नाही.

"कोन येऊन राह्यलं?"

"कोनी नाही. घरीच खाचा हाय."

"मंग जाडा न्या. घरच्या घरी चिन्नोर खाल, तं पाहुन्याले काय घालसान, भुसा?"

आमच्याकडे रोजचा भात जाड्याचा आणि पाहुण्याला सुगंधी चिन्नोर, ही रीत खरीच. पण रीत घरात पाळायची असते. झिंगरूजींनी तिचा कायदा केला आणि फौजदारही स्वतःच झाले.

बाकी कोणताही माल घ्या, त्यांच्या दुकानात सोबत अपमान हमखास मिळे, आणि तो कधी कमी भरत नसे. एका बाईनं तुरीची डाळ परत आणली. म्हणाली, "भाऊ, यात सोंडे हायेत." झिंगरूजींनी डाळीत बोट फिरवून किडे पाहिले आणि म्हणाले, "हौ. मंग त्यायनं आता कोठी जावं?" जबलपूरहून बदलून आलेले एक साहेब ऐटीत म्हणाले, "जरा अच्छी चायपत्ती दिखाओ." "देखने की नहीं, पीने की चीज है," असं म्हणून झिंगरूजींनी डबा जो बंद केला, तो साहेबांची पुन्हा बदली होईपर्यंत त्यांच्यासाठी उघडला नाही. कोणी फार कुरकुर केली तर समोरच्या दुकानाकडे बोट दाखवत. "तिकडं जा. त्याले गोड बोलता येते. माह्याकडं निस्ता गूळ गोड हाय."

तरी लोक जात, कारण खरा चिन्नोर त्यांच्याकडेच. रामपायलीकडच्या एका शेतकऱ्याकडून तो येई आणि शिजला की चार घरं सोडून वास जाई. फक्त खोटं बोलायची सोय नव्हती. पोस्टातल्या एका बाबूनं केव्हाच वारलेला मामा पाहुणा म्हणून सांगितला. ते उघडकीला आलं तेव्हापासून बाबूला त्या दुकानात मीठसुद्धा मिळालं नाही.

हे सगळं ठाऊक असून मी तेच केलं. नवीन लग्न झालं होतं. बायको कमल अमरावतीची, ज्वारीच्या मुलखातली. चिन्नोरचं नाव ऐकून ती इथे आली आणि सहा महिने जाडा भात खात बसली. तिच्या माहेरचं कोणी इतक्या लांब येईना. शेवटी मास्तर असूनही मी झिंगरूजींना तोंड वर करून सांगितलं, "मामेसासरे येऊन राह्यले. अमरावतीचे. रविवारी, गोंदियाच्या गाडीनं."

त्यांनी तांदूळ मोजून दिला.

रविवारी भात चुलीवर होता आणि दारात झिंगरूजी! धुतलेलं धोतर, तेल लावून चापून बसवलेले केस, हातात गुळाची पुडी. ऐन बाजाराच्या दिवशी दुकान बंद करून आले होते.

"मामाजी कोठी हायेत? भेटून घेतो म्हनलं."

मी रेटून दिलं, "ते... वैनगंगेवर गेले. आंघोळीले."

"हरकत नाही. बसतो."

आणि बसले. आत भाताचा वास दरवळत होता आणि बाहेर मला घाम फुटला होता. आता मीठसुद्धा समोरच्या गोडबोल्याकडून आणावं लागणार, असा हिशेब मी मनात करू लागलो. झिंगरूजी मात्र माझ्याकडे पाहत नव्हते. ते दर श्वासाला स्वयंपाकघराकडे मान वळवत होते.

कमल बाहेर आली. तिनं पाट मांडला, ताट वाढलं. "मामाजी येनार नाहीत. यायचेच नोते. यायनं थाप मारली. आजचे पाहुने तुमीच. हात धुवा."

सोंड्यांकडे पाहावं तसं झिंगरूजींनी माझ्याकडे पाहिलं. मग मुकाट्यानं हात धुतले.

तीनदा भात घेतला. शेवटचा घास गिळून, ताटाकडे बघतच म्हणाले, "आठ वर्सांनं खाल्ला."

"काहून? दुकानात तं पोतं भरून हाय," मी म्हणालो.

"पोतं हाय, गुर्जी. पन घरवाली गेली, तवापासून माह्या घरी कोन येते? नेम काय निस्ता गिऱ्हाइकालेच असते?"

मला माझीच लाज वाटली. इतके दिवस मी या माणसाच्या 'कोन येऊन राह्यलं'ची शाळेत नक्कल करून हशा मिळवत होतो. दुसऱ्यांच्या घरचे पाहुणे तेवढे त्यांच्या वाट्याला येत होते, तेही नावापुरते.

सोमवारी त्यांनी माझ्यासमोरच एका गिऱ्हाइकाला नासका नारळ दिला आणि वर त्यालाच झापलं. म्हणजे तब्येत ठीक होती. पुढच्या शनिवारी कमल माझ्याबरोबर दुकानात आली आणि तिनं चिन्नोर मागितला.

"कोन येऊन राह्यलं?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"झिंगरूजी," कमल म्हणाली. "गाव बालाघाट. गाडी नाही, पायीच येतीन."

तराजू हातातच राहिला. मागे उभी असलेली गिऱ्हाइकं खोळंबली. पण कायदा तो कायदा.

"नातं?"

"मामाजी," कमल म्हणाली.

झिंगरूजी पोत्याकडे वळले आणि बराच वेळ पाठमोरे राहून तांदूळ काढत राहिले.